आठ नंबरचं मिक्श्चर

कंपाउंडरकाका संत्रं आणायला जिना उतरले, खालचं फाटक करकरलं, आणि काकूंनी फडताळातून लाल बाटली काढली. हाताशी वीस मिनिटं होती. एक संत्रं घ्यायचं म्हटलं तरी काका पंधरा हाताळायचे, सालीला नख लावून बघायचे आणि फळवाल्याला वैताग आणायचे. पण वाटेत कुणाशी गप्पा मारत थांबणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे वीसची एकवीस मिनिटं व्हायची नाहीत.

काकूंनी बरणीवर नरसाळं ठेवलं आणि बाटली उपडी केली. लाल, कडूजहर दारू बुडबुडे काढत बरणीत उतरली. नुसत्या वासानेच तोंड कसंनुसं झालं. मग त्यांनी पातेल्यातलं लाल पाणी बाटलीत भरलं. ते होतं फळांचं सिरप, लहान मुलांच्या वाढदिवसाला पाजतात तसलं, गोडमिट्ट. सकाळपासून त्यात तीन वेळा पाणी घालून, मागे पांढऱ्या कापडाचा तुकडा धरून त्यांनी रंग जुळवला होता. चाळीस वर्षं दोऱ्याचा रंग कापडाशी जुळवत आलेल्या बाईला हे काही अवघड नव्हतं. खरी बरणी त्यांनी शिलाई मशीनखालच्या चिंध्यांच्या टोपलीत पुरली आणि बाटली होती तिथे, लेबल पुढे करून ठेवली.

नवऱ्याला फसवायची ही काही पहिली वेळ नव्हती. चौतीस वर्षांच्या संसारात कोणत्या बाईवर ती येत नाही? पण त्यांच्या आठ नंबरला हात लावायची ही पहिलीच वेळ. 

आठ नंबर म्हणजे काय ते सांगायला हवं. काका अडतीस वर्षं एकाच दवाखान्यात कंपाउंडर होते. तिथल्या डॉक्टरसाहेबांची सात मिक्श्चरं ठरलेली होती. एक नंबर खोकल्याचं, दोन नंबर तापाचं, तीन नंबर पोटाचं, असं सातापर्यंत. डॉक्टरसाहेब आतून नुसता आकडा ओरडायचे आणि काका खिडकीमागे बाटली भरून, कागदाची पट्टी कातरून, डोसाच्या खुणा चिकटवून ती रोग्याच्या हातात द्यायचे. आठ नंबर रोग्यांसाठी नव्हतं. महिन्यातल्या पहिल्या शनिवारी, संध्याकाळी शेवटचा रोगी गेला की डॉक्टरसाहेब खुर्चीत मागे रेलून म्हणायचे, "आठ!" दोन माप व्हिस्की, एक माप लाल कडू दारू, एक माप मसाले घातलेली गोड वाइन, भरपूर बर्फ, आणि वरून संत्र्याच्या सालीचा फवारा. डॉक्टरसाहेबांनी हे सगळं औषधाच्या चिठ्ठीवर रीतसर लिहून दिलं होतं आणि खाली सूचना होती: हलवू नये, ढवळावे, उपाशीपोटी घेऊ नये. पुढे डॉक्टरसाहेब गेले, दवाखान्याच्या जागी चष्म्यांचं दुकान आलं. काकांच्या घरी आली ती चिठ्ठी, एक मापाचा ग्लास आणि एक काचेची कांडी. तेव्हापासून पहिल्या शनिवारचं आठ नंबर घरच्या ओट्यावर होऊ लागलं. एकच ग्लास, दोघांत.

पहिल्यांदा घोट घेतला तेव्हा काकूंना वाटलं होतं, ह्यांनी आपल्याला चुकून तीन नंबर पाजलं. मग हळूहळू ते आवडायला लागलं. "हे तुमच्यासारखंच आहे, फक्त उलटं," त्या म्हणायच्या. "हे आधी गोड आणि मग कडू. तुम्ही आधी कडू, आणि मग गोड व्हाल म्हणून मी वाट बघतेय."

त्यात थट्टा होती तशी थोडी तक्रारही होती. काकांची जीभ फार तिखट, म्हणजे बोलायला नव्हे, चाखायला. दवाखान्यात प्रत्येक मिक्श्चरचा थेंब जिभेवर ठेवल्याशिवाय ते बाटलीला बूच लावत नसत. एकदा घाऊक दुकानातून चुकीचं लेबल लावलेला डबा आला. काकांनी थेंब चाखला, मोरीत जाऊन थुंकला आणि डबा आल्या पावली परत पाठवला. नंतर कळलं की ते लहान मुलांच्या औषधात गेलं असतं तर अनर्थ झाला असता. त्या दिवसापासून डॉक्टरसाहेब येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "माझी पदवी भिंतीवर टांगलीय, ह्याची तोंडात आहे."

त्या तोंडातल्या पदवीचा जाच सोसला तो काकूंनी. लग्नानंतर दुसऱ्या दिवशी पहिला घास घेऊन नवरा जे बोलला ते होतं, "मीठ कमी आहे." त्यानंतर चौतीस वर्षं मीठ कमी होतं, नाहीतर आंबट जास्त होतं, नाहीतर कांदा दोन मिनिटं आधी उतरवायला हवा होता. काकू भांडल्या, रुसल्या, एकदा तर भांडं उचलून त्यांच्यापुढे आदळलं आणि म्हणाल्या, "उद्यापासून तुम्हीच करा!" दुसऱ्या दिवशी काकांनी केलं. ते इतकं चांगलं झालं की काकूंना जास्तच राग आला.

आणि मग सात महिन्यांपूर्वी काकांना आठ दिवस ताप आला. ताप उतरला, ते उठून जेवायला बसले, आणि पहिला घास गिळून म्हणाले, "छान झालंय."

काकूंना वाटलं, तापातून उठलेला माणूस आहे, जिभेला बरं वाटलं असेल. दुसऱ्या दिवशीही छान झालं होतं. तिसऱ्या दिवशीही. महिनाभर काकू खुशीत होत्या, फोनवर लेकीला सांगून झालं, "तुझे बाबा सुधारले गं." दुसऱ्या महिन्यात मात्र त्यांच्या मनात पाल चुकचुकली. तिसऱ्या महिन्यात त्यांनी मुद्दाम भाजीत मीठच घातलं नाही. काकांनी ती संपवली आणि म्हणाले, "तुझ्या हाताला चव आहे हो."

त्याच सुमारास कोपऱ्यावरच्या हॉस्पिटलातल्या नर्सबाई युनिफॉर्म घेऊन आल्या. कमरेत सैल करून हवा होता.

"बसलं की बटण उडतंय काकू. पेशंटच्या अंगावर जाऊन पडलं परवा." मग काकूंकडे बघून त्या म्हणाल्या, "तुमचा चेहरा का उतरलाय?"

"काही नाही गं. हे हल्ली माझ्या जेवणाला नावं ठेवत नाहीत."

"अगंबाई! मग आनंद करा की."

"तसं नाही. काल रस्सा करपला, चांगला खाली लागला. घरभर वास. हे म्हणाले, छान झालाय. घेतला होता जेमतेम, पण वाटी पुसून खाल्ला."

नर्सबाईंनी काकूंची मापाची टेप बोटाभोवती गुंडाळत सहज म्हटलं, "आमच्या वॉर्डात असे असतात. ज्याला स्वतःचं कळलेलं असतं ना, तो एकदम गोड होतो. बायकोला म्हणतो, तू करशील ते छान. घरात कुणाला सांगत नाही, आम्हालाच हळूच विचारतो, सिस्टर, किती दिवस?" काकूंच्या हातातली टाचणी खाली पडली तेव्हा नर्सबाई भानावर आल्या. "अहो काकू, काकांचं तसं असेल असं नाही हं! मी आपलं उगाच."

पण बोलायचं ते बोलून झालं होतं.

काकूंना धसका बसायला नर्सबाईंची गरज नव्हती खरं तर. त्यांच्या डोळ्यांसमोर काकांच्या पँटी होत्या. तापानंतर महिन्याभरातच काकांचा पट्टा एक भोक आत गेला. चाळीस वर्षं लोकांच्या कमरा मोजणाऱ्या बाईच्या नजरेतून ते सुटणं शक्य नव्हतं. काका दुपारी झोपले की काकूंनी एकेक पँट मशीनवर घेतली आणि कमरेत सव्वा इंच आत धरली. माणूस खंगतोय हे त्याच्याच पँटीने त्याला सांगू नये, एवढाच विचार होता. आतली माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, कापली नाही, नुसती दुमडून टीप मारली. तीन महिन्यांनी पुन्हा सव्वा इंच. दुसऱ्या वेळी एका पँटीच्या खिशात मोठ्या हॉस्पिटलचं टोकन सापडलं. बेचाळीस नंबर. बाकी काही नाही, ना तारीख ना डॉक्टरचं नाव. काकूंनी ते होतं तसं खिशात परत ठेवलं आणि मशीनवर डोकं टेकून बसल्या.

विचारायचं धाडस होत नव्हतं. विचारलं आणि ते "हो" म्हणाले तर? न विचारता निदान सकाळ उजाडत होती, चहा होत होता, दिवस जात होता. रात्री काकांचा श्वास नीट चालू आहे ना, ते ऐकत त्या पडून राहायच्या आणि सकाळी सुजलेले डोळे मशीनच्या सुईवर रोखायच्या.

मग त्यांना आठ नंबर सुचलं. जेवणाच्या बाबतीत हा माणूस आपल्याला बरं वाटावं म्हणून खोटं बोलेल. पण आठ नंबर ही डॉक्टरसाहेबांची ठेव होती. एकदा वाइन अर्धं माप जास्त पडली तर काकांनी अख्खा ग्लास मोरीत ओतून पुन्हा केलं होतं, आणि काकू "अहो, अहो" करत राहिल्या होत्या. त्यात गोड सिरप घातलं आणि काका भडकले, तर सगळं ठीक. भडकावेत, ग्लास आपटावा, वाटेल ते बोलावं. आणि त्यालाही ते "छान" म्हणाले तर मात्र समजायचं, की ते निरोप घ्यायला लागले आहेत.

फाटक करकरलं. काका संत्रं घेऊन आले.

"पातळ सालीचं मिळालं," ते खुशीत म्हणाले. त्यांनी हात धुतले, पुसले, चिठ्ठी फडताळाच्या दाराला चिमट्याने लावली. अक्षरं पाठ होती, तरी लावली. मापाचा ग्लास उजेडाकडे धरला, एक डोळा मिटला आणि व्हिस्की रेघेपर्यंत आणली. दोनदा. काकू दाराच्या चौकटीला टेकून बघत होत्या. ह्या माणसाच्या हाताला अजूनही जराशीही थरथर नव्हती.

काकांनी लाल बाटलीचं बूच काढलं, नाकाशी नेलं, डोळे मिटून वास घेतला आणि मान डोलावली. मग माप भरताना ते थबकले. बाटली तिरकी केली, सरळ केली.

"जरा दाट झालंय का गं हे?"

"थंडीने झालं असेल," काकू म्हणाल्या. आवाज आपला आहे असं त्यांना वाटलं नाही.

"असेल," काका म्हणाले आणि माप भरून ओतलं. मग गोड वाइन. मग बर्फ. काचेची कांडी ग्लासात फिरू लागली, कडेकडेने, बर्फाचा आवाज होऊ न देता. चाळीस फेरे. काका मनात मोजायचे, ओठ तेवढे हलायचे. मग साल दुमडून ग्लासावर दाबली आणि पहिला घोट घेतला. तोंडात धरला. गिळला.

काकू चौकटीपासून पुढे आल्या.

"वा!" काका म्हणाले. "आज कडवटपणा अगदी जागेवर आलाय. गेल्या खेपेपेक्षा बरा. घे."

काकूंनी ग्लास घेतला आणि ओठाला लावला. नुसता पाक. कडूपणाचा मागमूस नाही. ग्लास ओट्यावर ठेवताना थोडं सांडलं.

"किती दिवस सांगितलेत?" त्यांनी विचारलं.

"कशाचे?"

"मला सगळं कळलंय. लपवू नका आता. बेचाळीस नंबरचं टोकन मी पाहिलंय. डॉक्टर काय म्हणाले? किती दिवस?"

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. चोरी पकडली गेलेल्या मुलासारखे ते खाली बघू लागले. "तुला कुणी सांगितलं?"

म्हणजे होतंच. काकूंनी पदर तोंडाशी नेला. "सांगायला कशाला हवं? तुमच्या पँटी अडीच इंच आत घेतल्यात मी! दोन खेपेला मिळून. तुम्ही झोपलात की."

"माझ्या पँटी?" काकांनी पट्ट्यात अंगठा घातला आणि स्वतःच्या कमरेकडे असं पाहिलं, जणू ती दुसऱ्याची असावी. "तू आत घेतल्यास? अगं, मी निम्मं जेवतोय आणि तरी पँटी बरोबर बसतायत, म्हणून मी निर्धास्त होतो! पट्टासुद्धा म्हटलं चामडं ताणलं असेल."

"विषय बदलू नका. काय झालंय तुम्हाला?"

काकांनी कांडी पुसून ग्लासाशेजारी आडवी ठेवली, सरळ केली, पुन्हा सरळ केली.

"मला चव लागत नाही," शेवटी ते म्हणाले.

"काय?"

"चव. कशाचीच. वाससुद्धा येत नाही. त्या तापात गेलं ते परत आलंच नाही. नाक-कान-घसावाल्याकडे जाऊन आलो मी गुपचूप. तो म्हणाला, येईलही, नाहीही. वाट बघा."

"आणि?"

"आणि काय?"

"अजून काय म्हणाला?"

"अजून काय म्हणणार? एवढंच."

"रक्त तपासलं? फोटो काढला?"

"सगळं केलं. बाकी काही नाही म्हणाला. म्हणाला, तुमचं हृदय चाळिशीतल्या माणसाचं आहे."

काकू ओट्याजवळच्या स्टुलावर मटकन बसल्या. त्यांचा जीव असा काही भांड्यात पडला की त्यांना आधी हसू आलं, मग रडू आलं, आणि मग दोन्ही एकदम. इतक्या महिन्यांचं सगळं साठलेलं बाहेर पडत होतं. "एवढंच?" त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. "एवढंच? नुसती चव? अहो, मला वाटलं तुम्ही चाललात! मी रात्र रात्र जागून तुमचे श्वास मोजतेय, आणि तुम्हाला नुसती चव लागत नाही?"

"नुसती?" काका दुखावले. "एवढंच काय म्हणतेस? चव गेलीय माझी! अडतीस वर्षं खाल्लं त्या जिभेवर!"

"जाऊ दे गेली तर. तुम्ही आहात ना!"

"तुला काय जातंय जाऊ दे म्हणायला," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला.

काकूंचं हसू थांबलं. लग्नानंतर दोनदाच त्यांनी ह्या माणसाचा आवाज फुटलेला ऐकला होता. लेक सासरी गेली तेव्हा आणि डॉक्टरसाहेब गेले तेव्हा. त्यांनी दुसरं स्टूल पायाने पुढे सरकवलं. काका बसले.

"पण मला का नाही सांगितलंत?"

"सुरुवातीला वाटलं, चार दिवसांत येईल. पण तापातच एकदा खिचडी खाताना सवयीने बोलून गेलो, मीठ कमी आहे. तू घातलंस. नंतर तू जेवायला बसलीस, एक घास घेतलास आणि तांब्याभर पाणी प्यायलीस. बोलली नाहीस काही. मला कळलं, ते आधीच बरोबर होतं आणि मी खारट करून ठेवलं. म्हणून ठरवलं, आता नावं ठेवायची नाहीत. काही कळतच नाही तर कुठल्या तोंडाने ठेवायची?" मग थोडं थांबून ते म्हणाले, "आणि तू सकाळपासून खपतेस. कांदा बारीक चिरतेस, दोनदा ढवळतेस. मला सगळंच कापसासारखं लागतं हे तुला कळलं असतं, तर तू कुणासाठी केलं असतंस?"

ह्या माणसाने चौतीस वर्षांत आपल्या कांदा चिरण्याकडे बघितलंय, हे काकूंना आज कळत होतं.

"आणि हे?" त्यांनी ग्लासाकडे बोट दाखवलं. "हे तरी कशाला करता मग?"

"हे गार लागतं. घशात जळतं. तेवढं तरी कळतं गं," काका म्हणाले. "महिनाभर मी ह्या शनिवारची वाट बघतो."

काकू उठल्या. बाहेरच्या खोलीत जाऊन चिंध्या उपसल्या आणि बरणी आणून ओट्यावर ठेवली. एक निळा दोरा बरणीला चिकटून आला होता.

"हे काय?"

"तुमची कडू दारू. बाटलीत मी सिरप भरलंय. लहान मुलांचं."

काका बरणीकडे बघत राहिले, मग बाटलीकडे, मग ग्लासाकडे. काकूंना वाटलं, आता बोलणी बसणार. काकांच्या खांद्यांना गदगदा हिसके बसायला लागले तेव्हा त्या घाबरल्याच, पण ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते.

"आणि मी म्हटलं, कडवटपणा जागेवर आलाय!"

"वर म्हणालात, गेल्या खेपेपेक्षा बरा!"

"डॉक्टरसाहेबांनी मला कामावरून काढलं असतं गं!"

हसू ओसरल्यावर काकांनी ग्लास मोरीत ओतला, विसळला आणि पुन्हा चिठ्ठीसमोर उभे राहिले. दोन माप व्हिस्की. एक माप बरणीतून, निळा दोरा बाजूला करून. एक माप गोड वाइन. बर्फ. कांडी फिरली. चाळीस झाल्यावर त्यांनी ग्लास स्वतःच्या तोंडाला न लावता काकूंपुढे धरला.

"सांग."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"काय लागतं ते सांग. बाकीचं मी बघतो."

काकूंनी घोट घेतला आणि डोळे मिटले. असं कधी कुणी त्यांना विचारलं नव्हतं. "आधी गोड," त्या म्हणाल्या. "जड गोड, मखमलीसारखं. मग... मग खाली अस्तर लागतं. कडू. म्हणजे वरून दिसत नाही, पण आहे."

"अस्तर लगेच लागतं की उशिरा?"

"लगेच. जरा टोचतंय. टाचणी राहिल्यासारखी."

"बर्फाचं पाणी कमी सुटलंय," काका म्हणाले आणि ग्लास परत घेऊन कांडी फिरवू लागले. दहा फेरे. "आता?"

"टोचत नाही. पण आहे."

"गिळल्यावर राहतंय का मागे?"

"राहतंय. बराच वेळ."

"झालं तर मग," काका म्हणाले. त्यांनी साल वर दाबली. बारीक फवारा उडाला. काकूंना संत्र्याचा वास आला. काकांना आला नाही, ते त्यांच्या तोंडावरून दिसलं, पण त्यांनी तो आल्यासारखी मान डोलावली नाही. खिडकीतून संध्याकाळचं ऊन ओट्यावर आलं होतं. दोघांनी तो ग्लास आळीपाळीने, सावकाश संपवला. काकू प्रत्येक घोटाला काय लागलं ते सांगत होत्या आणि काका मध्येच विचारत होते, "अजून आहे का मागे?"

"आहे," काकू म्हणायच्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू मशीनवर बसल्या त्या काकांच्या पँटी घेऊन. कमरेची टीप उसवली, आतली माया मोकळी केली, इस्त्रीने दुमड काढली. आता पँटी ढगळ होणार होत्या. होऊ देत. खाऊन भरून काढतील, आणि तोवर पट्टा आहेच. काका समोर वर्तमानपत्र वाचत बसले होते, आणि ह्या वेळी त्यांना उसवण्याचा आवाज येत होता.

दुपारी काकूंनी वाढलं. बटाट्याचा रस्सा होता, भात होता. मीठ त्यांनी दोनदा चाखून घातलं होतं, अगदी बेतशीर. काकांनी पहिला घास घेतला. चावला, गिळला. मग काकूंकडे न बघता, ताटाकडे बघत, जुन्या आवाजात म्हणाले, "मीठ कमी आहे."

काकूंचा घास हातातच राहिला.

"तुमचं मेलं कधी पुरतं मीठ!" त्या उठत म्हणाल्या. "चौतीस वर्षं ऐकतेय! इतकं कळतंय तर उद्यापासून तुम्हीच करा."

मिठाची बरणी आणून त्यांनी काकांच्या रश्शात एक चिमूट सोडली. मग जरा थांबून दुसरी चिमूट स्वतःच्या ताटात टाकली. रस्सा खारट झाला. दोघांनी तो संपवला.